रिपोर्ट येईस्तोवरची मुंबई

जालना जिल्ह्यातल्या माणसाला मुंबई पाहायची असेल तर दोनच वाटा आहेत. एक मोर्चा, दुसरी रेफरची चिठ्ठी. नुसतं फिरायला म्हणून मुंबईला गेलेला माणूस आमच्याकडे शोधून सापडत नाही. लग्नाकार्याला जाणारे कल्याण-डोंबिवलीच्या हॉलमध्ये जेवतात आणि रातोरात परत फिरतात.

मोर्चाची मुंबई २०२५ च्या ऑगस्टअखेरीस सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली. मराठा आरक्षणासाठी आंतरवाली सराटीहून निघालेली माणसं आझाद मैदानात पोचली आणि तिथे मावेनात तेव्हा सीएसएमटीच्या आवारात पसरली. भाकरी सोडून बसलेले आमचे लोक आणि त्यांना ओलांडत लोकल गाठणारे मुंबईकर, दोघंही एकमेकांचे व्हिडिओ काढत होते. २ सप्टेंबरला शासन निर्णय निघाला, गुलाल उधळला, गाड्या परत फिरल्या. त्या मुंबईवर पुष्कळ लिहून झालं.

रेफरच्या मुंबईवर कोणी लिहीत नाही. तिला झेंडा नाही, घोषणा नाही, गुलाल तर नाहीच. प्लास्टिकच्या पिशवीत फाइल, सोबत एक माणूस आणि गावाकडून दर तासाला फोन : ‘काय म्हणाले डॉक्टर?’ आमचे दाजी असेच मुंबईला गेले. तोंडात चट्टा होता, बरा होईना. सोबत मी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, म्हणजे दाजी पुडी काउंटरवरून नाही, काउंटरखालून घ्यायचे. पुढची मार्गदर्शिका त्यांच्यासारख्या पर्यटकांसाठी. पर्यटन महामंडळाने खुशाल छापावी. मानधन नको.

पूर्वपीठिका

मुंबईशी आमचं नातं मुळातच परदेशाचं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाचे, मुंबई १९४७ पर्यंत इंग्रजांची. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला तेव्हा कुठे मुंबई आमची राजधानी झाली, तीही कागदावर. मुंबईनेही ही गोष्ट फारशी मनावर घेतलेली नाही. ‘जालना’ म्हटलं की समोरचा विचारतो, ‘जळगावजवळ का?’ आपण ‘हो’ म्हणावं. तपासणीला उशीर होत असताना भूगोल शिकवू नये.

आणि जखमी माणूस जिल्ह्याबाहेर पाठवण्याची परंपरा तर आमच्याकडे दोनशे वर्षांची आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. हाच पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला. पण असईची लढाई जिंकल्यावर शेकडो जखमी ठेवायचे कुठे, यावर त्याच्याकडेही उत्तर नव्हतं. दौलताबादच्या किल्लेदाराने त्यांना आत घ्यायला नकार दिला. शेवटी अजिंठ्याला दवाखाना थाटावा लागला. ‘इथं जागा नाही, पुढं न्या’ हे वाक्य आपल्या सरकारी दवाखान्यांनी शोधलं असा गैरसमज असेल तर तो काढून टाका.

व्हिसा

मुंबईचा व्हिसा पायरी-पायरीने मिळतो. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून ग्रामीण रुग्णालय. तिथून जालन्याचं जिल्हा रुग्णालय. तिथून संभाजीनगरची घाटी. प्रत्येक ठिकाणी एक शिक्का, एक तारीख आणि एक नवा एक्स-रे, कारण आधीच्यांनी काढलेला नीट दिसत नाही. सोबत आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि या सगळ्यांच्या झेरॉक्स. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पूर्वी दीड लाखापर्यंतचे उपचार बसायचे, आता पाच लाखांपर्यंत बसतात. झेरॉक्स कुठल्याच योजनेत बसत नाहीत.

कोणी म्हणेल, संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून आहे, साठेक किलोमीटरवर, तिथे का नाही थांबत? थांबतात की. पुष्कळ जण तिथेच बरेही होतात. पण गावाला ते पुरत नाही. पारावरचा माणूस एकच विचारतो, ‘टाटाला दाखवलं का?’ नसेल दाखवलं, तर पोरांनी बापासाठी काही केलं नाही असा निकाल तिथल्या तिथे लागतो. अर्धे लोक मुंबईला डॉक्टरच्या चिठ्ठीवर जातात, अर्धे पाराच्या.

जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं २०२४ साली. मधल्या काळात, करोनाच्या ऐन धामधुमीत, राज्याचे आरोग्यमंत्रीच आमचे होते; घनसावंगीचे राजेश टोपे. आमचा माणूस टीव्हीवर साऱ्या महाराष्ट्राच्या खाटांचा हिशोब देत होता, आम्ही अभिमानाने बघत होतो. आता महाविद्यालयही आलं आहे. पहिली तुकडी डॉक्टर होऊन बाहेर पडेपर्यंत जिल्ह्यातल्या आजारांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

प्रवास

रेल्वेचा एक गुण मान्य केला पाहिजे. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपरमध्ये भाडं पूर्ण माफ आहे आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत. एवढी सवलत या देशात आमदारकी सोडली तर दुसऱ्या कशाने मिळत नाही.

रात्रीची देवगिरी ही आमची खरी रुग्णवाहिका. एका डब्यात निदान चार फाइली असतातच. मनमाड येईपर्यंत एकमेकांचे आजार कळतात, इगतपुरीपर्यंत डॉक्टरांची नावं, कल्याणपर्यंत खर्च. उतरताना लोक फोन नंबर घेतात. सोयरीक जुळायला एवढा वेळ लागत नाही.

३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून वंदे भारत सुटली. स्टेशनावर बँड, हार, भाषणं. आमच्या हक्काची गाडी म्हणून सगळे सुखावले. पुढे ती नांदेडपर्यंत वाढवली. त्याआधी जनशताब्दी अशीच हिंगोलीपर्यंत गेली. जालन्याला मिळालेली गाडी म्हणजे पुढच्या स्टेशनाला द्यायचा आहेर. हरकत नाही, नांदेड-हिंगोलीचेही पेशंट आहेतच की.

रस्त्याने जायचं तर समृद्धी आहे, ७०१ किलोमीटरची, ५ जून २०२५ ला पूर्ण झालेली. जालन्याजवळ चढायचं आणि भिवंडीजवळ आमण्याला उतरायचं. तिथवर गाडी उडत जाते. पुढे आमणे ते परळ एवढा तुकडा राहतो, आणि त्या तुकड्यात रुग्णाला सलाइन संपल्याचं कळतं.

मुक्काम

परळचा तो भाग म्हणजे दवाखान्यांचं पंढरपूर. १९२६ चं केईएम, लहान मुलांचं वाडिया, पलीकडे हाफकिन आणि डॉ. बोर्जेस रस्त्यावर १९४१ पासूनचं टाटा. टाटा रुग्णालय १९६२ पासून आरोग्य खात्याकडे नाही, अणुऊर्जा खात्याकडे आहे. नीट चालण्याचं कारण तेच असावं.

राहायला दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. गाडगेबाबांनी हयातभर देवाच्या दारी धर्मशाळा बांधल्या, पण स्वतः देवळात गेले नाहीत. दादरच्या धर्मशाळेत शिरताना त्याचा अर्थ कळतो. तिथे जागा मिळाली तर मुंबई जिंकली समजायचं. नाही मिळाली तर दिव्याला भाच्याची खोली. तीत आधीच पाच माणसं, तरी भाचेसून म्हणते, ‘मामा, राहा की, काय होतंय.’ आणि भाचाही नसेल तर फुटपाथ.

फुटपाथवरही संसार नेटका असतो. निळी ताडपत्री, भिंतीला टेकवलेली पत्र्याची पेटी, कठड्यावर वाळत घातलेलं लुगडं. एक्स-रेचं पाकीट मात्र जमिनीवर कधी नसतं; ते माणसाच्या मांडीवर. माणूस भिजला तरी चालेल. पावसाळ्यात शेजारच्या हिंदमाताला पाणी तुंबतं, तेव्हा पँट गुडघ्यावर आणि फाइल डोक्यावर घेऊन चालायचं. दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसाने एवढं पाणी एका जागी पहिल्यांदाच पाहिलेलं असतं. दाजी म्हणाले, ‘हे जर घाणेवाडीच्या तलावात सोडता आलं असतं...’ तोंड दुखत होतं म्हणून वाक्य पुरं केलं नाही. जलसंधारण खात्याचंही तिथेच अडलेलं आहे.

प्रेक्षणीय स्थळं

बायोप्सी दिली की रिपोर्टला दिवस लागतात. हे मधले दिवस म्हणजे मुंबई. पुढारलेल्या जगात याच्या उलट असतं. बँकॉकला परदेशी पाहुणा गुडघा बदलायला येतो, त्याला विमानतळावर गाडी घ्यायला येते आणि चालायला लागला की बुद्धमंदिरं दाखवतात. आपल्याकडेही ‘हील इन इंडिया’ नावाची मोहीम आहे. तिच्या पत्रकावरचा रुग्ण गोरा आणि हसरा असतो. सव्वाचारशे किलोमीटरवरून आलेला, ‘काका, लाइनीत या’ असं ऐकणारा पाहुणा त्यात नाही. मग आमचे आम्हीच फिरलो.

राणीचा बाग. इथे २०१६ साली दक्षिण कोरियाहून पेंग्विन आणले. मुंबईच्या हवेचा त्रास होऊ नये म्हणून त्यांना काचेमागे थंडगार खोली, पोहायला तळं, चोवीस तास डॉक्टर. दाजी बराच वेळ काचेला नाक लावून उभे होते. मी म्हणालो, ‘चला.’ ते म्हणाले, ‘थांबा हो मेव्हणे, कुणाच्या चिठ्ठीवर आले ते विचारू द्या.’

गेटवे ऑफ इंडिया. पंचम जॉर्ज बादशहा १९११ ला आला, त्याच्या स्वागताची ही कमान १९२४ ला पुरी झाली. पाहुणा येऊन गेला आणि मांडव तेरा वर्षांनी उभा राहिला. हे ऐकून दाजींना मुंबईबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. आमच्या तालुक्यातल्या पुलाचंही असंच आहे.

सी-लिंक. पायी बंदी, दुचाकीला बंदी. वरळीच्या कडेला उभं राहून लांबून पाहायचा. महात्मा फुले योजनेतल्या काही खासगी दवाखान्यांनाही असंच पाहायचं असतं.

मॉल. परळच्या गिरण्या १८ जानेवारी १९८२ च्या संपात बंद पडल्या, त्यांतल्या कित्येक उघडल्याच नाहीत. फिनिक्स मिलच्या जागी आता मॉल आहे. रुग्णाच्या सोबत्याला मॉलचे दोन मोठे उपयोग : फुकटचा गारवा आणि स्वच्छ संडास. दारावरच्या रखवालदाराने आमची पिशवी उघडली. वर टॉवेल, खाली पाण्याची बाटली, मध्ये काळी फिल्म. त्याने ती उजेडाकडे धरली, पाहिली, जशी होती तशी घडी मोडू न देता आत ठेवली आणि म्हणाला, ‘लिफ्ट उधर है, चाचा को सीढ़ी मत चढ़ाना.’ आख्ख्या मुंबईत रांगेत उभं न करता मिळालेली ही एकमेव सेवा. तीही उत्तर प्रदेशाच्या सौजन्याने.

मंत्रालय. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी तेव्हा इथली वारी करावी लागायची. पास काढा, पिशवी दाखवा, मजला विचारा. मधल्या चौकात वर पाहिलं तर जाळी दिसते. हताश माणसं वरून उडी मारू लागली म्हणून २०१८ साली बसवली. माणूस हताश होऊ नये याची सोय अवघड, खाली पडू नये याची सोपी. सरकारने सोपी निवडली. आम्हाला तिथे भेटलेला कारकून मात्र सज्जन निघाला. अर्ज वाचून म्हणाला, ‘सगळं बरोबर आहे, फक्त तहसीलदारांचा शिक्का पुसट आलाय.’ तहसील सव्वाचारशे किलोमीटर मागे.

खाणं

मुंबईत आलात आणि वडापाव खाल्ला नाही, असं होऊ नये म्हणतात. तोंडाच्या रुग्णाचं तसंच होतं. दाजींनी मुंबईभर वडापावचा फक्त वास घेतला. माझं पोट मात्र त्या भागातल्या अन्नदानावर व्यवस्थित चाललं. जीवन ज्योत ट्रस्टसारख्या संस्था तिथे रुग्णांना आणि सोबत्यांना जेवू घालतात. गुजराती घरची खिचडी, मारवाडी हाताची पोळी, पंजाबी दाल. राष्ट्रीय एकात्मता म्हणतात ती ताटात वाढलेली मी इथेच पाहिली. तिच्यावर भाषण करायला कोणी आलेलं नव्हतं.

दाजींना चालायचा तो मोसंबीचा रस. दवाखान्याबाहेरच्या गाडीवर दाजी थांबले, ढिगातली एक मोसंबी उचलली, अंगठ्याने साल दाबली, वास घेतला. ‘कुठली?’ गाडीवाला म्हणाला, ‘नागपूर की.’ दाजींनी मान हलवली. बदनापूर-अंबड पट्ट्यातल्या माणसाला मोसंबीची ओळख सांगावी लागत नाही. २०१६ ला तिला जालन्याच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात याच दाजींनी टँकरचं पाणी घालून बाग जगवायला पाहिली आणि शेवटी जेसीबी लावून उपटली. पुन्हा लावलेल्या झाडांचा माल गेल्या हंगामात व्यापाऱ्याने पडत्या भावात नेला होता. तीच मोसंबी इथे चार फळांत एक ग्लास भरत होती आणि त्या ग्लासाच्या पैशात जालन्याच्या मोंढ्यात किलोंनी आली असती. दाजींनी रस सावकाश, एका बाजूने, संपवला. म्हणाले, ‘माल पोचला इथवर. भाव कामून पोचला नाही माघारी?’ कृषी विद्यापीठाचं मोसंबी संशोधन केंद्र बदनापूरलाच आहे. प्रश्न तिकडे पाठवतो.

परत

रिपोर्ट आला. लवकर सापडलं म्हणाले. ऑपरेशन झालं, दाजी आज बागेत पाणी देतात आणि पुडीच्या दुकानासमोरून जाताना दुसरीकडे पाहतात. फेरतपासणीला जावं लागतं, म्हणजे मुंबई आता घरातलीच झाली. गावात कोणाला परळला कसं जायचं, धर्मशाळेची चिठ्ठी कुठे मिळते, कोणत्या खिडकीला सकाळी किती वाजता उभं राहायचं, हे विचारायचं असलं की लोक दाजींकडे येतात. पूर्वी काशीला जाऊन आलेल्या माणसाला असा मान असायचा.

हा मान फार माणसांना मिळू नये असं मला वाटतं. दवाखान्याबद्दल तक्रार नाही. परळने कोणाला ‘जळगावजवळचे का’ असं विचारून उपचार कमी केले नाहीत. तक्रार आहे ती मधल्या सव्वाचारशे किलोमीटरची. आम्हाला रस्ता मिळाला तो मुंबईला जायला, गाडी मिळाली ती मुंबईला जायला, सवलत मिळाली तीही मुंबईला जायला. आजारी माणूस वेगाने हलवण्याला आपण आरोग्यसेवा म्हणू लागलो आहोत. घशाची सुई, तिचा रिपोर्ट, महिन्याची केमो, पुढची तपासणी, यातलं बरंचसं जालन्यात होऊ शकतं. इमारत आहे, महाविद्यालय आलं आहे, आता माणसं आणि यंत्रं तेवढी रिकाम्या खोल्यांत यायची आहेत. ती कोण आणणार, हा प्रश्न आहे. कारण ज्यांनी आणायची, त्यांना जालन्यात कधी दुखत नाही. त्यांच्या छातीत कळ आली की हेलिपॅडवर धूळ उडते आणि तासाभरात मुंबईहून बातमी येते : ‘प्रकृती स्थिर.’

म्हणून एक सूचना निवडणूक आयोगाला. उमेदवाराच्या शपथपत्रात संपत्ती विचारता, गुन्हे विचारता, शिक्षण विचारता. आणखी एक रकाना वाढवा : ‘रक्तदाब कुठे तपासता?’ उत्तरात मतदारसंघाबाहेरचा दवाखाना आढळला तर अर्ज बाद करू नका, एवढे कठोर होऊ नका. फक्त त्यांना पुढच्या तपासणीला देवगिरीच्या स्लीपरने पाठवा. सोबत्याला ७५ टक्के सवलत आहेच.